एका मनिऑर्डरीची लांबण

कापूसकोंड्याची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे, ती कुणालाच ठाऊक नाही, हेच ठाऊक आहे. लहानपणी गोष्टीचा हट्ट धरावा आणि आजीच्या डोळ्यांवर झोप आलेली असावी. मग ती विचारायची, "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" आपण म्हणायचे, "सांग." की ती म्हणे, "सांग काय म्हणतोस? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" चिडून "नको" म्हटले तरी तेच. गप्प बसलो तर "गप्प काय बसतोस? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" हा कापूसकोंड्या कोण, कुठला, त्याला मुलेबाळे किती, हे महाराष्ट्रातल्या एकाही आजीने एकाही नातवाला आजवर सांगितलेले नाही.

तिची धाकटी बहीण म्हणजे राजाच्या कोठाराची गोष्ट. राजाने मोठे कोठार बांधले, ते धान्याने भरले, आणि भिंतीला एक बारीक भोक राहिले. एक चिमणी आली, एक दाणा घेऊन भुर्र उडून गेली. मग दुसरी चिमणी आली, एक दाणा घेऊन भुर्र उडून गेली. "मग पुढे?" "पुढे काय? मग तिसरी चिमणी आली..." कोठारातले दाणे संपल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि दाणे संपण्याआधी ऐकणारा झोपी जातो. गोष्टीचा हेतूही तोच असतो.

ह्या दोन गोष्टींना शेवट नाही. मी आज सांगणार आहे ती तिसऱ्या जातीची गोष्ट. तिला शेवट असतो. पण तो ऐकल्यावर, नसता तर बरे झाले असते, असे वाटते. ऐकणाऱ्याला गावोगाव हिंडवायचे, चहा पाजायचा, पावसात भिजवायचे, आणि दमूनभागून तो मुक्कामाला पोचला की त्याच्या हातावर एक कोटी ठेवायची. कोटी म्हणजे कोटी रुपये नव्हेत, शब्दावरची कोटी. इंग्रज लोक ह्या जातीच्या गोष्टीला 'झिपऱ्या कुत्र्याची गोष्ट' असे म्हणतात. गोष्टीत कुत्रा असलाच पाहिजे असे नाही. माझ्या गोष्टीत एक आहे, पण तो फक्त भुंकतो.

गोष्टीला हात घालण्यापूर्वी कोटीविषयी दोन शब्द बोलू द्या. शिक्षकबंधूंना अलंकारांच्या धड्यातला श्लेष आठवत असेल. एकाच शब्दाचे दोन अर्थ निघाले की झाला श्लेष. शब्द न मोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग आणि मोडून निघाले तर सभंग. कोटी हे ह्याच घराण्यातले, पण जरा वांड निघालेले मूल. तिला व्याकरण शिकवावे लागत नाही. गुरुजी गणित घालून विचारतात, "उत्तर कुठे आहे?" मागच्या बाकावरून आवाज येतो, "दक्षिणेच्या समोर." गुरुजींनी त्या पोराला बाकावर उभे जरूर करावे, पण मनातल्या मनात त्याला दोन गुण जास्तही द्यावेत, कारण एका शब्दाच्या पोटात दोन शब्द असतात, हे त्याला न शिकवता कळले आहे. आणि आपली भाषा तर अशी, की कधी कधी नुसते लिंग बदलून ती कोटी करून मोकळी होते. निवडणुकीत उभ्या राहिलेल्या दोघांपैकी निवडून आला त्याला हार मिळाला, पडला त्याला हार मिळाली. शब्द तोच, पण एकाची मिरवणूक निघते आणि दुसरा मागच्या दाराने घरी जातो.

मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी विनोदाला आणि कोटीला प्रतिष्ठा दिली, आणि त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी आपल्या नाटकांतून कोट्यांची दिवाळी साजरी केली. पण कोटी ही काही फक्त पंडितांची मिरास नाही. ती पारावर होते, तमाशाच्या बतावणीत होते, कीर्तनात बुवांनी घोटभर पाणी पिता पिता होते. आणि एक गंमत पाहा. कोटी करणारा स्वतःच्या घरून काहीच आणत नाही. ऐकणाऱ्याच्याच घरातला ऐवज उचलतो आणि त्याच्याच हातावर ठेवतो. तो ऐवज ऐकणाऱ्याच्या घरी नसेल, तर कोटी फुकट गेली.

असो. आता गोष्ट.

गोष्ट १९७२ सालापूर्वीची आहे. साल मुद्दाम सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. सहा आकडी पिनकोडाची ही योजना आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी माणसाने. वेलणकर डाकतार खात्याच्या कारभारातले मोठे अधिकारी, आणि त्याहून विशेष म्हणजे संस्कृतचे कवी. काव्य लिहिणाऱ्या माणसाने सगळ्या देशाला आकडे वाटावेत, हीही एक कोटीच. तर त्यांनी हे केले, कारण ह्या देशात एकाच नावाची गावे फार, अक्षरे वाचता येऊ नयेत असे लिहिणारे फार, आणि भाषाही फार. आपल्या महाराष्ट्राचा पिनकोड ४ ह्या आकड्याने सुरू होतो, हे आपण रोज लिहितोच. पण लक्षात ठेवा, पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे तेव्हाही पोस्टमनच होता आणि आताही तोच आहे.

आमच्या गोष्टीतल्या पोस्टमनचे नाव रामभाऊ. शिक्षण चौथी पास, अक्षर मोत्यासारखे, सायकल सरकारी. उन्हाळ्यात रामभाऊ सायकलवर बसत आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की सायकल रामभाऊंच्या खांद्यावर बसे. त्यांच्या वाटणीला जी गावे आली होती ती सगळी झाडांची. आपल्याकडे गावाचे नाव ठेवताना पूर्वजांनी फार डोके शिणवलेले नाही. समोर जे झाड दिसले त्याचे नाव गावाला देऊन ते पेरणीला निघून गेले. म्हणून सोमवारी वडगाव, मंगळवारी पिंपळगाव आणि बोरी, बुधवारी पळस, गुरुवारी चिंचोली, शुक्रवारी जांभुळवाडी आणि शनिवारी आंबेगाव, अशी रामभाऊंची आठवड्याची फेरी असे. शिक्षकांनी वर्गात आपल्या तालुक्यातली अशी गावे मोजायला सांगावीत. पोरे अर्धा तास गुंततात.

आता बुधवारच्या गावाची एक अडचण होती. ते एक गाव नव्हते. ती तीन गावे होती. एक बुद्रुक, एक खुर्द आणि एक वाडी. बुद्रुक हा शब्द आपल्याकडे फारसी 'बुजुर्ग' वरून आला. बुजुर्ग म्हणजे थोर, मोठा. खुर्द म्हणजे लहान. कागद लिहिणाऱ्याने कधी काळी मोठ्या वस्तीला बुद्रुक म्हटले आणि लहान वस्तीला खुर्द म्हटले. पुढे पाऊसपाण्याने, रस्त्याने, बाजाराने वस्त्या वाढल्या, पण कागद वाढत नाही. आमच्या गोष्टीतले खुर्द बुद्रुकाच्या दीडपट झाले होते आणि तरी खुर्दच राहिले होते. बुद्रुकातली माणसे ही गोष्ट खुर्दातल्या माणसांना लग्नकार्यात हमखास ऐकवीत. दोन्ही गावांच्या मध्ये ओढा, आणि वाडी डोंगराच्या अंगाला. तिघांचाही कारभार वेगळा, जत्रा वेगळी. फक्त पोस्टमन एक.

एका आषाढात मुंबईहून, लालबागेतून, एक मनिऑर्डर आली. रक्कम ५१ रुपये. त्या काळी ५१ रुपये ही लहान रक्कम नव्हती. घेणाऱ्याचे नाव, श्री. द. पाने. बुद्रुक की खुर्द की वाडी, ह्यातले काहीच लिहिलेले नव्हते. ज्याचे गाव असते त्याला जगात त्या नावाचे एकच गाव असते; तो कशाला लिहील? खाली संदेशासाठी जी चिंचोळी जागा असे तिथे एवढेच होते: "आपण दिलेले विसरलो नाही. शंकर."

पोस्टमास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "रामभाऊ, हा द. म्हणजे कोण?"

रामभाऊ म्हणाले, "मास्तर, त्या भावकीत दगडापासून देवापर्यंत समदे द.च हायती."

"मी शंकरला कार्ड टाकतो. पण पाऊस धरलाय, उत्तर कधी येईल सांगता येत नाही. तोवर विचारून पाहा. पैसा कुणाचा तरी आहे. तो आपल्या पेटीत पडून राहू नये."

मास्तरांचे हे शेवटचे वाक्य रामभाऊंनी मनावर घेतले, आणि गोष्ट लांबली.

पहिल्या बुधवारी रामभाऊ बुद्रुकात गेले. तिथे द. निघाले तीन: दगडू, दत्तू आणि दामू.

दगडूआबांनी रामभाऊंना ओटीवर बसवले. आधी पावसावर बोलणे झाले, मग बैलाच्या खुरावर झाले, मग चहा झाला. त्या घरी एक कुत्रा होता, तो सारा वेळ भुंकत होता. तोच हा कुत्रा. मग रामभाऊंनी संदेश वाचून दाखवला, "आपण दिलेले विसरलो नाही. शंकर."

आबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "शंकर नावाच्या एका पोराला म्या दिली व्हती खरी. कानाखाली. आंब्याच्या झाडावर सापडला व्हता. त्यो इसरला नसंल, ह्याबद्दल शंका न्हाई. पर त्याचं कुणी पैसं धाडत न्हाई रामभाऊ. हे माझं न्हवं."

दत्तूतात्यांनी संदेश ऐकताच हात जोडले. "दिलेलं? मी? मी जन्मात कुणाला काही दिलेलं नाही. खोटं वाटत असेल तर हिला विचारा." आतून 'हि'ने विचारण्याआधीच सांगितले, "खरं हाय ते." प्रश्न मिटला.

दामूअण्णांचे मात्र डोळे चमकले. त्यांनी एका शंकरला शेळी दिली होती, उधारीवर. पण शेळी ठरली होती ६० रुपयांना आणि मनिऑर्डर ५१ची. अण्णांनी बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "नऊ कमी हायती. माझा शंकर एक येळ समदं बुडवील, पर नऊ रुपये कापून पाठवायचा न्हाई. त्यो तसला माणूसच न्हाई. हे दुसऱ्या कुणाचं हाय, घिऊन जावा."

पहिला बुधवार असा गेला.

दुसऱ्या बुधवारी सायकल खांद्यावर घेऊन रामभाऊ ओढा उतरले आणि खुर्दात पोचले. चौकशी केली. तिथेही द. तीनच: दौलत, देवबा आणि दशरथ.

दौलतराव पागोट्याचे शेमले सावरीत म्हणाले, "शंकर? शंकरला मी मुलगी दिलीये."

रामभाऊंना हायसे वाटले. त्यांनी शाईची बाटली काढली. "मग जावईबापूंनीच धाडलेत. करा सही."

दौलतरावांनी त्यांच्याकडे करुणेने पाहिले. "रामभाऊ, तुमचं लगीन झालंय न्हवं?"

"झालंय की."

"सासऱ्याला कंदी पैसं धाडलं हुतं?"

रामभाऊंनी शाईची बाटली बंद केली.

देवबांनी एका शंकरला मत दिले होते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. ते म्हणाले, "त्याचं त्यानं पैसं धाडलं आसतील आसं वाटत न्हाई. मताचं पैसं येत्यात, न्हाई आसं न्हाई. पर ते आधी येत्यात. मागनं कुणी धाडल्याचं ऐकलं न्हाई." आणि देवबा त्या आठवणीने थोडे खिन्न झाले, कारण त्यांना आधीही काही मिळाले नव्हते.

तिसरे दशरथबाबा. वय झालेले, कानाला कमी ऐकू येणारे, ओढ्याकाठच्या खोपटात राहणारे. रामभाऊंनी संदेश तीनदा ओरडून वाचला. दुसऱ्या वेळेस ओढ्यापलीकडे बुद्रुकातला तो कुत्रा भुंकू लागला. बाबा हसून म्हणाले, "लेका, म्या कुणाला काय देणार? माझ्यापाशी हाय काय देयाला? घर चुकलास तू." आणि अर्धी भाकर आणि कांदा रामभाऊंच्या पुढे ठेवला.

तिसऱ्या बुधवारी वाडी. चढण फार. सायकल पायथ्यालाच ठेवावी लागली. वर जाऊन विचारले, तर पुन्हा तेच. दिनकर, दादू आणि दुलबा. द. तीन. वाडीची गोष्ट मी आवरती घेतो, कारण चढणीने आपणही दमला असाल. दिनकररावांना एका शंकरने हाक मारली होती, तेव्हा त्यांनी ओ दिली होती. त्याखेरीज दिल्याघेतल्याचा व्यवहार नाही. दादूंनी अनेक शंकरांना तपकीर दिली होती, पण एवढ्या किमतीची नाही. आणि दुलबांनी शिव्या दिल्या होत्या. "कुणाला?" असे रामभाऊंनी विचारले तर म्हणाले, "समद्यांस्नी. त्यात शंकर आला आसंलच. पर त्यो परत फेडायची म्हंजी त्यानंही शिव्याच धाडाय पायजेत. पैसं आपलं न्हाईत."

मराठी भाषेत माणूस काय काय देतो, ते रामभाऊंनी तीन बुधवारांत पाहिले. कानाखाली देतो, मुलगी देतो, मत देतो, ओ देतो, शिव्या देतो, आणि शेळीही देतो. फक्त ५१ रुपये घेणारा कुणी निघेना.

तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी रामभाऊ ओलेचिंब होऊन पोस्टात परतले, तर मास्तरांच्या टेबलावर मुंबईचे कार्ड. ते यायला इतके दिवस का लागले? तर लालबागेतल्या त्या चाळीत शंकर निघाले सात. मास्तरांचे कार्ड सहा शंकरांनी वाचले, प्रत्येकाने एकेक दिवस विचार केला, आणि सातव्याने उत्तर लिहिले. उत्तर असे होते: मी खुर्दचा. शाळा बुद्रुकात होती. तिसरीत असताना ओढ्याला एकाएकी लोंढा आला, मी मधोमध होतो. काठावरून ज्यांनी हात दिला, त्या दशरथबाबांना पैसे द्यावेत. गिरणीत कायम झालो, तो पहिला पगार.

चौथ्या बुधवारी रामभाऊ पुन्हा खोपटाशी गेले आणि कार्ड ओरडून वाचले. बाबांना शंकर काही केल्या आठवेना. "पान्याला जोर आसला की पोरं उतरवायचीच आसत्यात," ते म्हणाले. "धा-बारा पोरं आसायची रोजची. त्यातला शंकर कोंचा, ते कुणी बघितलंय? आन् हात धरला तर दिला कसा? माझा हात माझ्यापाशीच हाय की." त्यांनी तो हात रामभाऊंना दाखवला. शेवटी रामभाऊंनी त्याच हाताचा अंगठा फॉर्मवर उमटवून घेतला आणि पैसे मोजून दिले. बाबांनी नोटा उलटसुलट केल्या आणि विचारले, "रामभाऊ, आता माझ्यानं पान्यात उभं ऱ्हावत न्हाई. ह्यात चांगला जाड दोर किती हात यील? ह्या काठापासनं त्या काठापत्तूर यील का?"

येथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सरकारी खात्यात काम झाले म्हणजे गोष्ट संपत नाही. काम उशिरा का झाले, हे लिहून दिल्यावर संपते.

पुढच्याच आठवड्यात पोस्टाचे इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. वही उघडली, बोट फिरवत आले, आणि बोट एका ओळीवर थांबले. मनिऑर्डर आली ह्या तारखेला, पोचली ह्या तारखेला. मध्ये दिवस गेले २१.

"पोस्टमन कोण?"

रामभाऊ पुढे झाले.

"एकवीस दिवस? एका मनिऑर्डरीला? लेखी खुलासा द्या. समाधानकारक नसेल तर पगारवाढ थांबेल."

रामभाऊंनी कोपऱ्यात बसून खुलासा लिहायला घेतला. मोत्यासारखे अक्षर, त्यामुळे लिहिण्याची हौस. बुद्रुक लिहिले, शेळी लिहिली, नऊ रुपये कमी कसे ते लिहिले, जावयाचे लिहिले, मताचे लिहिले, तपकिरीचा भाव लिहिला. अकरा कागद झाले आणि अजून वाडीची चढण निम्मीच झाली होती. तेवढ्यात मास्तर घाईघाईने आले. "रामभाऊ, काय हे पुराण! साहेबांची एस.टी. पाच मिनिटांत सुटते. ते म्हणतात, एका ओळीत लिहून द्या, नाहीतर मी शेरा मारून निघालो."

एका ओळीत! तीन गावे, नऊ घरे, २१ दिवस, सारे एका ओळीत! रामभाऊंनी एकदा आढ्याकडे पाहिले. मग कोरा कागद ओढला आणि लिहिले:

"मेहरबान साहेब, बुद्रुक पाहिले, खुर्द पाहिले, वाडी पाहिली, कुठेही गेलो तरी पळसाला पाने तीनच."

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग ते खिडकीतून बाहेर बघत बसले, आणि त्यांची एस.टी. त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. नंतर त्यांनी शाईत टाक बुडवला आणि शेरा लिहिला: "खुलासा मान्य. पुन्हा असे लिहू नये."

श्रोतेहो, आता कपाळावरचा हात काढलात तरी चालेल.

व्याकरणाचे शिक्षक म्हणतील, गावाचे नाव असेल तर 'पळसला' व्हायला हवे, 'पळसाला' कसे? त्यांनी रामभाऊंची चौथी इयत्ता आणि पगारवाढ ध्यानात घेऊन एवढे माफ करावे. वनस्पतिशास्त्राचे शिक्षक ह्याहून कडक. ते म्हणतील, पळसाला तीन पाने नसतातच. आपण ज्यांना तीन पाने म्हणतो त्या एकाच पानाच्या तीन पर्णिका होत. तिन्हींचा देठ एकच. हे खरे आहे, आणि ते ऐकून गोष्टीतली भावकीही डोळ्यांपुढे येते.

म्हण आपण बहुधा तोंड वाईट करून वापरतो. बदलीच्या गावी गेलो, तिथेही तीच कटकट. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथेही तेच वजन. कुठेही जा, पळसाला पाने तीनच. पण रामभाऊ नऊ दारांत गेले. हातात रोख ५१ रुपये, पाठवणारा दूर मुंबईला, नाव जुळत होते, गाव जुळत होते, सही करायला शाईची बाटली उघडून समोर होती. नऊ घरांत श्रीमंत कुणी नव्हते. आणि नऊच्या नऊ जणांनी सांगितले, पैसे माझे नाहीत. ज्याचे होते त्यानेही आधी तेच सांगितले. म्हणीचा हाही एक अर्थ होऊ शकतो, तो आपण सहसा लावत नाही.

शिक्षकबंधूंना एक विनंती करून थांबतो. ही गोष्ट वर्गात सांगून पाहा. आपल्या तालुक्यातली गावे घाला, आपल्या ओळखीची माणसे घाला, हवी तेवढी लांबवा. फक्त त्या दोन शब्दांची भेट शेवटाच्या आधी होऊ देऊ नका. मीही एक शब्द झाडांच्या गर्दीत ठेवला होता आणि दुसरा पत्त्याच्या ओळीत. शेवटचे वाक्य ऐकून वर्गाने एका सुरात "हॅ!" केले, तर समाधान माना, म्हण पोरांच्या घरात शाबूत आहे. पण वर्ग नुसता तुमच्याकडे बघत राहिला, तर कोटी समजावून सांगू नका, ती समजावून सांगितली की मरते. त्यापेक्षा पोरांना घेऊन माळावर जा. फाल्गुनात नको, तेव्हा झाड पाने गाळून केशरी फुलांनी पेटलेले असते. पावसाळ्यात जा. पळसाची एक डहाळी वाकवून धरा आणि पाने मोजायला सांगा. मग म्हण सांगा. आणि महिन्याभराने, पोरे ते विसरली आहेत असे पाहून, रामभाऊंना पुन्हा सायकलवर बसवा.